तांबड्या चिंधीची काकडी

मला वाचता येत नाय, हे आधीच सांगून टाकते. म्हंजे मग कुणी कागद नाचवून मला भिववायला नको. पण चिंध्या मला वाचता येतात. अठरा घरांच्या अठरा चिंध्या, डोळे मिटून हातानं चाचपून सांगीन कुठली कुणाची.

दोन हजार तीन सालची गोष्ट. कल्याणच्या एका सोसायटीतली काजल म्हणून मास्तरीण मुरबाडच्या बाजारात माझ्याकडून भाजी घ्यायची. एक दिवस ती म्हणाली, "जिवलीमावशी, आमची अठरा घरं आहेत. पावसाआधीच हंगामाचे पैसे देतो. तुम्ही पिकवा आणि दर रविवारी जे पिकेल ते आम्हाला वाटून द्या. जास्त पिकलं तर जास्त, कमी पिकलं तर कमी."

मी म्हटलं, "आणि पावसानं सगळं धुवून नेलं तर?"

"तर सगळेच उपाशी."

पोरीचं बोलणं मला आवडलं. व्यापारी असं कधी बोलला नाय. मी तिथंच हो म्हटलं. घरी कुणाला विचारायचं होतं? माझा नवरा चांगो (नाव घेतलं तर घेतलं, वाघोबा काय मला खात नाय) मांडव बांधण्यात एक नंबर, बोलण्यात शून्य. बोलण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडं हाय.

धसईच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. माळावर दीड एकराचा तुकडा. त्याच्यावर शिराळी, कारली, काकडीचे मांडव, खाली भेंडी, गवार, चवळी. श्रावणात पहिल्या अठरा टोपल्या भरल्या तेव्हा काजल म्हणाली, नावाच्या चिठ्ठ्या लावू. मी म्हटलं, वाचणार कोण, चांगो? त्याला पण माझ्याइतकंच येतं. त्यापेक्षा प्रत्येकीनं घरातल्या जुन्या साडीची नायतर ओढणीची चिंधी द्या, ती टोपलीला बांधते.

आल्या चिंध्या. काजलची पोपटी. एकीची ठिपक्यांची. एकीनं जरीचा काठच पाठवला, उगाच आपलं ऐश्वर्य दाखवायला. चवथ्या माळ्यावरच्या दिपिकाबाईची जांभळी. दर रविवारी बारकूचा टेम्पो टोपल्या घेऊन जायचा, सोसायटीच्या जिन्याखाली मांडायचा. बाया उतरायच्या, आपली चिंधी बघायच्या, टोपली उचलायच्या. तीन महिन्यांत एकदा पण चूक नाय झाली. चिंधी दिसली की ते आपलं, हे तिथल्या शेंबड्या पोराला पण पाठ झालं.

आता ह्या जांभळीबद्दल सांगते. पहिल्याच रविवारी तिनं काजलकडं निरोप दिला, भेंडीत अळी निघाली, चवळी वाकडी हाय. मी उलट निरोप धाडला, "अळीला कळतं कुठली भाजी खाण्याजोगी ती. तुमाला पण कळंल हळूहळू." तेव्हापासून आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दर रविवारी तिची काहीतरी कुरबूर यायचीच. शिराळं जून हाय. पालेभाजीला माती हाय. अगो बाई, माती नायतर काय साखर असणार हाय? सतरा घरं माझी भाजी खाऊन दुवा देत होती नि हिचं नाक सदा वर.

असो. काकडीचं सांगते.

ही बाजारातली काकडी नव्हती. हातभर लांब, पांढरट अंगावर हिरव्या रेघा, आणि देठापर्यंत गोड. देठाशी कडू लागली तर माझं नाव बदला. तिचं बी माझ्या आयनं लग्नात माझ्या पदरात घातलं. आमच्यात म्हणतात, जमीन मुलग्याला, बी लेकीला. मी खर्डीकडची. पदराच्या गाठीत बी बांधूनच ह्या वाडीत आले. आय गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिचा फोटो नाय माझ्याकडं. तिचं लुगडं विरून गेलं, तिचं घर भावांनी पाडून नवं बांधलं. आयचं म्हणून माझ्यापाशी उरली ती ही काकडी.

मला लेक नाय. दोन मुलगे नि दोन सुना. सुना आपापल्या आयचं बी घेऊन आल्या, त्यांना माझ्या काकडीचं काय पडलंय. ते माझ्या मनाला लागून होतं, पण बोलून काय करणार.

बियाची काकडी धरायची रीत अशी. भादव्यात वेलावरच्या सगळ्यात देखण्या काकड्या निवडायच्या नि देठाला तांबडी चिंधी बांधायची. मग तिला घरातलं कुणी हात लावत नाय. वेलावरच ती हळदीसारखी पिवळी होते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, शिवेवरच्या वाघोबापुढं काकडी ठेवून पहिला मान द्यायचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी काकडी चिरून बी काढायचं. राखेत चोळायचं, सावलीत सुकवायचं, शेणात कालवून भिंतीला थापायचं. जेष्ठापर्यंत भिंत सांभाळते. आय सांगायची, "जिवले, सगळं बी कधी पेरायचं नाय गो. एक मूठ घरात राहू द्यायची." त्या वर्षी अठरा घरांचा वारा माझ्या डोक्यात गेलेला. भिंतीवरचं सगळं बी खरवडलं नि पेरून टाकलं. मूठ राहिली नाय, भिंत तेवढी राहिली.

पाच काकड्यांना मी तांबडी चिंधी बांधली. आयच्या बियाचं पुढचं सगळं त्या पाचांत होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी काजल म्हणाली, सगळ्या बाया शेत बघायला येतात, आपल्या हातानं भाजी तोडतात. या म्हटलं. अकरा-बारा जणी आल्या बारकूच्या टेम्पोत बसून, त्यात नाक वर करून जांभळी पण, पायात बूट, डोक्यावर टोप्या. भात पिवळं पडलेलं, ऊन असं की भाताचा वास अंगाला चिकटावा. त्या पण खूश, मी पण खूश. मी चुलीशी बसले. नाचणीच्या भाकऱ्या, चवळीची उसळ, ठेचा. माझ्या हातची भाकरी खाऊन परत जातील नि पुढल्या साली अठराच्या छत्तीस होतील, असे मनात मांडे खात होते. मांडवाखाली त्यांच्या संगं चांगोला धाडला. सांगायचं काय त्यात? काकडी कुठली तोडायची नि कुठली नाय, हे काय सांगायला लागतं? आमच्या वाडीतलं तीन वर्षांचं पोर तांबडी चिंधी बघितल्यावर हात मागं घेतं.

माझं शहाणपण ते एवढं.

टेम्पो गेला. संध्याकाळी मी मांडवाखाली गेले नि बघते तर पाची देठ मोकळे. चीक अजून ओला होता. काकडी नाय, चिंधी पण नाय. चिंधीसकट नेल्या होत्या.

"चांगो!" मी अशी किंचाळले की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. "तुमी उभे होतात ना इथं? डोळे काय धसईच्या बाजारात इकले?"

तो म्हणाला, "त्या म्हणाल्या, आमच्यासाठी चिंधी बांधून ठेवलीय, किती गो मावशी मायाळू. मला वाटलं, तूच सांगितलंस."

"मी सांगीन? आयचं बी तोडा म्हणून मी सांगीन?"

"तुझं काय सांगता येत नाय, जिवले. सगळं पेरताना पण मला विचारलं नव्हतंस."

असा माणूस. वर्षातून चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक असं काळजात घुसणारं. मी रडले. रागानं रडले, आयच्या आठवणीनं रडले, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या थोबाडीत मारता येत नाय म्हणून रडले. बायांची चूक कुठली होती? तीन महिने मीच त्यांना शिकवलं, चिंधी तुमची. वेल तर सुकत आलेला, आता नवी काकडी कुठून धरणार?

पण मी रडून गप बसणारी नव्हं. काकड्या पोचल्या म्हंजे चिरल्याच असं नाय. एक जरी अखंड सापडली तर उबेला ठेवून पिकवता येते. वेलावरच्या इतकी नाय, पण बी भरतं. सोमवारी पहिल्या एसटीनं मुरबाड, तिथून कल्याण. नऊच्या आत काजलच्या दारात.

काजलला सगळं सांगितलं तर बिचारी पांढरीफटक पडली. शाळेला रजा टाकली नि माझ्यासंगं जिने चढायला लागली. तिनं एक काकडी ठिपक्यांच्या बाईकडं पाहिली होती. बाईनं हसत दार उघडलं. "मावशी, अहो काय गोड काकडी! रात्रीच कोशिंबीर केली, यांनी वाटी चाटून पुसून खाल्ली." मी म्हटलं, बरं झालं हो, अंगी लागू दे. दुसरीकडं थालीपीठं झालेली. दोन माझ्या हातात कोंबली, नको म्हटलं तरी. जरीच्या काठवालीनं अर्धी चिरून अर्धी फ्रिजात ठेवलेली. ती अर्धी मी हातात घेतली. आतलं बी पांढरं, पाणीदार, अजून धरलं नव्हतं. चिरलेली काकडी काय पिकणार? मी ती तिला परत दिली. चवथी ठाण्याला नणंदेकडं गेली होती. काजलनं फोन लावला, तिकडून उत्तर आलं, नाश्त्याला घावन झाले.

प्रत्येक दारात बाई हसत यायची नि माझं तोंड बघून गप व्हायची. कुणावर ओरडू? मायेनं खाल्लं होतं त्यांनी. मी जिन्याच्या पायरीवर बसले नि थालीपीठ खाल्लं. दुःख असलं तरी भूक लागतेच, आणि थालीपीठ चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

"पाचवी कुणाकडं गो?" मी विचारलं.

"ते कुणालाच आठवत नाही," काजल म्हणाली. "सगळ्यांना विचारलं. फक्त दिपिकाताई राहिल्या."

जांभळी! मी म्हटलं, तिच्याकडं असली तर आत्तापर्यंत कचऱ्याच्या डब्यात असंल, साल जाड हाय म्हणून. पण पाच मजल्यांची सोसायटी चढून झालेली, एक दार का सोडा. बेल काजलनं वाजवली, कारण माझा हात उठेना.

दिपिकाबाईनं दार उघडलं. फुलाफुलांची मॅक्सी, केस वर बांधलेले, कपाळाला आठी. मी तिच्याकडं बघितलंच नाय. तिच्या खांद्यावरून माझी नजर थेट आत स्वयंपाकघरात गेली.

ओट्याच्या वर, माळ्याच्या खिळ्याला, कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीचं शिंकं विणून लटकवलं होतं. भुईला नाय, भिंतीला नाय, कुठं अंग न टेकता त्यात माझी काकडी निवांत झोपली होती. देठाला तांबडी चिंधी तशीच.

आता सांगा, शिंकं विणणं काय कल्याणला शिकवतात? काकडी लटकवून पिकवायची असते, जमिनीला टेकली की डाग पडतो, हे कोण सांगतं शहरात? मी चप्पल दारात टाकली नि सरळ आत गेले.

"तू कुठली गो?" मी विचारलं. अहो-जाहो कुठल्या कुठं गेलं.

तिनं काजलकडं बघितलं. मग खाली बघितलं. "शेणव्याची," ती म्हणाली. "शेणव्याच्या वरच्या पाड्यावरची." म्हंजे माझ्या माहेराकडचीच.

"मग तुला चिंधी कळली होती?"

"कळली होती."

"कळली होती नि तोंड उघडलं नाय? त्या चौघी तोडत होत्या नि तू बघत उभी राहिलीस?" माझा आवाज चढला. दारात शेजारणी जमल्या होत्या. जमू देत म्हटलं.

ती हळूच बोलली. "बारा वर्षं झाली इथं, मावशी. कुणाला सांगितलं नाही मी कुठली ते. सगळ्यांना वाटतं ठाण्याची. तिथं बोलले असते तर विचारलं असतं, तुला गं कसं माहीत? म्हणून नाक मुरडून भेंडीला नावं ठेवायची नि गप राहायचं, ही माझी सवय." तिनं डोळे पुसले. "त्या तोडायला लागल्या तेव्हा मी पुढं होऊन एक पटकन तोडली. निदान एक तरी कुणी कापू नये म्हणून. चार नाही सोडवता आल्या."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाय. मी तिच्या ओट्याला टेकून उभी राहिले.

मग तिनंच सांगितलं. तिच्या आयनं पण तिला लग्नात बी दिलं होतं, वालाचं नि काकडीचं. पदरात. इथं पेरणार कुठं? डब्यात घालून माळ्यावर ठेवलं. पाचव्या वर्षी डबा उघडला तर सगळा भुगा. "आय विचारायची, बी हाय ना गो? मी म्हणायची, हाय." ती घरच्या बोलीत कधी शिरली तिचं तिला कळलं नाय. "मरंपर्यंत तिला वाटलं, हाय."

काजल दारात उभी राहून रडत होती. मास्तरणी लवकर रडतात.

मी शिंक्याला हात लावून बघितला. गाठी पक्क्या होत्या. एसटीत घालून न्यावी तर धक्के बसणार, नि माझ्या जिवाला घोर. तिथं ठेवून जावी तर ज्या बाईशी तीन महिने भांडले तिच्या घरात आयचं बी सोडून जायचं. पण हात बोलतात माणसाचे. ती गाठ मी ओळखली, माझी आय अशीच मारायची.

"वाघबारस झाली की दुसऱ्या दिवशी येते," मी म्हटलं. "तोवर हिला फिरवायची नाय, दाबून बघायची नाय. आणि उंदीर?"

"चवथ्या माळ्यावर नाहीत."

"उंदराला जिना चढता येत नाय असं काय लिहिलेलं हाय?"

ती पहिल्यांदा हसली.

दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भात कापलं, भारे बांधले, रविवारच्या टोपल्या भरल्या. पण डोळ्यांपुढं सारखं ते शिंकं. चांगो दोनदा म्हणाला, "राहील गो नीट." म्हंजे त्याला पण घोर होता. वाघबारशीला वाघोबाच्या दगडापुढं त्या वर्षी दुधी ठेवला. म्हटलं, देवा, काकडी कल्याणला हाय, चवथ्या माळ्यावर, तिथूनच मान करून घे.

दुसऱ्या दिवशी चुलीतली राख फडक्यात बांधली नि गेले. काजल आलेली, ठिपक्यांची आलेली, जरीच्या काठाची आलेली. सगळ्यांना बघायचं होतं. काकडी खाली काढली. हळदीसारखी पिवळी, अंगभर जाळी. दिपिकेनं विळी पुढं केली, मी उभी चिरली. आत बी टिच्चून भरलेलं. पाण्यात टाकलं. चार-दोन वर तरंगलं ते फोल, ते काढून टाकलं. बाकी सगळं बुडलं. मी ताटात राख पसरली नि दिपिकेनं न सांगता बी चोळायला घेतलं. दोन बोटांनी, हलक्या हातानं, टोक मोडू न देता.

मी बियाचे दोन वाटे केले.

"एवढंसं तर बी, मग दोन वाटे कशाला?" काजलनं विचारलं.

"सगळं एका घरात ठेवू नये, हे मी ह्या साली शिकले," मी म्हटलं. मग दिपिकेकडं वळले. "आमच्या माळावर चार आळी तुझी. जेष्ठात यायचं, स्वतःच्या हातानं लावायची. डब्यात ठेवशील तर याद राख. चल, धर."

ती डबा आणायला वळली. मी म्हटलं, "डबा नाय. कशात देतात बी?"

ती थांबली. अंगावर मॅक्सी. मॅक्सीला कुठला पदर! ओढणी आणायला जावं तर आतल्या खोलीत, आणि दारात सगळी सोसायटी उभी. तिनं एकदा सगळ्या बायांकडं बघितलं. मग खाली वाकली, मॅक्सीचा पुढचा घेर दोन्ही हातांनी उचलून झोळीसारखा धरला, आणि बारा वर्षं दाबून ठेवलेल्या शेणव्याच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, "घाल गो आये."

मी मूठ उघडली.